दाराआडून ‘कोण?’

रात्री दार वाजलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा रोह्याच्या आमच्या घरातला नियम होता. कोकणात तो घरोघरी असे. पहिली हाक कुणाचीही असू शकते, भुताची, चकव्याची, आपल्याच झोपेची. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, कारण त्याला गरज असते. तिसऱ्या हाकेनंतर आजी उठायची, कंदिलाची वात वर करायची आणि दाराशी न जाता माजघराच्या उंबऱ्यावरूनच विचारायची, “कोण?”

१९७७ च्या आषाढात अशी एक रात्र आली. मी नऊ वर्षांची होते. कुंडलिका दुथडी भरून वाहत होती, वीज संध्याकाळीच गेली होती, वडील नोकरीसाठी मुंबईत होते आणि घरात आजी, आई, मी नि धाकटा भाऊ. त्याच वर्षी पुण्यात काही तरुण पकडले गेले होते आणि वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरून येत होती. पुण्याची मावशी मे महिन्यात येऊन सांगून गेली होती की तिकडे दिवेलागणीनंतर कुणी कुणाला दार उघडत नाही. आईनं तेव्हापासून परसदाराला कडी घालून वर पाटाही टेकवून ठेवायला सुरुवात केली होती. त्या रात्री पुढचं दार वाजलं. एकदा. थांबून दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

आजीनं विचारलेला तो ‘कोण?’ मला आजही ऐकू येतो. हे पुस्तक त्या एका शब्दाविषयी आहे.

घरात शिरणारा माणूस, त्याला अडवणारा माणूस आणि मध्ये दार. थरारकथेचा हा प्रकार फार जुना आणि दिसायला फार सोपा. वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही, कारण अंधारात अंथरुणावर पडून कान टवकारण्याचा अनुभव प्रत्येकाच्या लहानपणात असतोच. या सोपेपणामुळेच अशा कथा बऱ्याचदा फसतात. बाहेरचा तो खलनायक आणि आतला तो नायक अशी वाटणी दारानंच करून टाकलेली असते, मग लेखक फक्त चाकू आणि किंकाळ्या पुरवत राहतो. मला ती वाटणी तपासायची होती. त्यासाठी मी माझी दोन गावं धरली, माहेरचं रोहे आणि आजोळचं पेण, आणि त्यांच्या दारांत उभं राहून मराठीतल्या आणि मराठी मुलखातल्या घरात घुसण्याच्या गोष्टींकडे पाहिलं, आणि काही कथा स्वतःही लिहिल्या.

इंग्रजीत या कथांना स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे तसं नाव साहित्यात पडलं नाही, पण पोलिसांच्या कागदात या गोष्टीसाठी नेमके शब्द आहेत: घरफोडी, जबरी चोरी, दरोडा. त्यांतले फरकही मजेदार नेमके आहेत. जबरीनं लुटणारे चार असले तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. १८६० च्या दंडसंहितेनं घरफोडीतही रात्रीची घरफोडी वेगळी काढली आणि रात्र म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत असं लिहून ठेवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिनंही हा भेद ठेवला आहे. रात्री घर फोडणाऱ्यापासून स्वतःच्या मालमत्तेचा बचाव करताना घरातल्या माणसाच्या हातून त्याचा जीव गेला, तर कायदा काही अटींवर तो बचाव मान्य करतो. म्हणजे अंधाराची भीती कायद्यालाही कळते. पण त्या अटींत एक महत्त्वाची अट आहे: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही. घाबरलेल्या माणसानं काठी उचलल्यावरही एक क्षण थांबावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. तो क्षण म्हणजेच आजीचा ‘कोण?’. चांगल्या थरारकथेचं सगळं काम त्या क्षणात चालतं, असं माझं मत आहे.

आपल्या परंपरेतला पहिला मोठा घरफोड्या शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त भेटतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं तेव्हापासून चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरचे झाले, पण शर्विलकाची आठवण त्या मानानं कमी निघते. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या भिंतीपाशी उभा आहे. जन्मानं ब्राह्मण, चोरीच्या शास्त्रात पारंगत. भिंतीला भोक कुठे पाडावं, कोणत्या आकाराचं पाडावं, याचा तो कलावंताच्या चोखंदळपणानं विचार करतो आणि माप घ्यायला दोरी नाही म्हणून गळ्यातलं जानवं वापरतो. आत शिरल्यावर त्याला कळतं की हे घर दरिद्री माणसाचं आहे. तो परत फिरायच्या बेतात असताना झोपेत बरळणारा मैत्रेय वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी त्याच्या हाती स्वतःच देतो. दुसऱ्या दिवशी चारुदत्ताला दागिन्यांहून मोठी चिंता पडते, की गरीब माणसाच्या घरून ठेव चोरीला गेली यावर विश्वास कोण ठेवेल? आणि त्याची बायको धूता स्वतःची रत्नमाला काढून देते. शर्विलकानं चोरी केली ती दासी असलेल्या मदनिकेला सोडवण्यासाठी.

या एका अंकात नायक कोण आणि खलनायक कोण? चोराला प्रेम आहे, कौशल्य आहे आणि आपण करतो ते चुकीचं आहे याची जाणीवही आहे. घरधनी झोपलेला आहे. घराची अब्रू राखते ती जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता ती धूता. मला शूद्रकाचं मोठेपण यात वाटतं, की त्यानं भिंत फोडणाऱ्याला तोंड दिलं, मन दिलं, आणि तरीही घरातल्यांचं नुकसान एका शब्दानं हलकं केलं नाही.

शूद्रकानंतर थेट पळस्प्याला यायला हवं. मुंबईहून पेणला येणाऱ्या बहुतेकांची गाडी पळस्पे फाट्यावरून वळते आणि पुढे शिरढोणवरून, कर्नाळ्याच्या कुशीतून खाली उतरते. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. शाळेत आम्हाला ते आद्य क्रांतिकारक म्हणून शिकवले गेले आणि ते खरंच आहे. पण १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक रामोशांची तुकडी घेऊन घाट उतरले आणि पळस्पे नि चिखले इथली श्रीमंतांची घरं त्यांनी लुटली. दीड लाखाच्या आसपास ऐवज हाती लागल्याचं सांगतात. परतीच्या वाटेवर इंग्रज फौजेनं गाठलं आणि दौलतराव पडले. फडके जुलैत पकडले गेले, एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी गेले.

त्या लुटीमागे १८७६-७७ चा दुष्काळ होता, उपाशी मेलेली माणसं होती, सरकारविरुद्ध फौज उभी करायला लागणारा पैसा होता. हे सगळं आपल्याला आज ठाऊक आहे. पण त्या रात्री पळस्प्याच्या माजघरात दडून बसलेल्या एखाद्या मुलीला काय ठाऊक असणार? तिला मशाली दिसल्या असतील, दार करकरताना ऐकू आलं असेल. इतिहास घराबाहेर उभा राहून लिहिला जातो आणि थरारकथा घराच्या आतून. दोघांनी सांगितलेल्या त्याच रात्रीतला तोच माणूस वेगवेगळा निघतो. फडक्यांवरच्या प्रकरणात मी दोन्हीकडून लिहायचा प्रयत्न केला आहे आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. फक्त त्या मुलीलाही पानावर जागा हवी होती.

यानंतर पुण्याबद्दल लिहावंच लागतं, आणि इथे मन जड होतं.

जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून महाराष्ट्र ज्याला ओळखतो, त्या प्रकरणात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात १० माणसं मारली गेली. मारणारे एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. आणखी एक जण माफीचा साक्षीदार झाला. पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा, बरोबर शिकणारा मुलगा. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब. नवरा-बायको घरात होते, मुलगा नंतर आला, आपल्याच घरात, रोजच्यासारखा. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरचा अभ्यंकरांचा बंगला. काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित, त्यांनी तयार केलेला व्याकरणाचा कोश अभ्यासक आजही वापरतात. वय ८८. त्यांच्यासह घरातली पाच माणसं त्या रात्री गेली. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

अभ्यंकरांच्या घरी दार फोडलं गेलं नाही. घंटा वाजवली गेली आणि घरातल्या तरुण मुलानं दार उघडलं. संध्याकाळी आठच्या सुमाराला दार वाजलं तर पुण्यातल्या कुठल्या घरानं तेव्हा ते उघडलं नसतं? ती वेळ शेजाऱ्यांची, विद्यार्थ्यांची, वाटी घेऊन विरजण मागायला येणाऱ्यांची. मारेकऱ्यांनी घरं लुटली, माणसं मारली, आणि त्याशिवाय एक गोष्ट अशी नेली जी पंचनाम्यात लिहिता येत नाही. दिवेलागणीला उघडं असणारं दार त्यांनी मराठी मध्यमवर्गाकडून नेलं. रोह्यात माझी आई परसदाराला पाटा टेकवत होती ती त्यामुळे.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी मला वर्षानुवर्षं छळत आल्या आहेत. पहिली अशी, की जोशी आणि अभ्यंकर यांच्या मधल्या नोव्हेंबरात ही टोळी आणखी एका बंगल्यात शिरली होती. तिथे घरातल्यांनी झुंज दिली आणि ती टोळी पळाली. त्या घरातली माणसं जगली. जक्कलचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, १९८६ च्या ‘माफीचा साक्षीदार’ या चित्रपटात नाना पाटेकरांनी उभा केलेला चेहराही आठवत असेल. पण त्या न पडलेल्या घरातल्या माणसांची आठवण कुणी काढत नाही. खरे नायक तिथे होते, आणि नायक जिंकला की गोष्ट संपते, म्हणून आपण ती सांगत नाही. दुसरी गोष्ट, अभ्यंकरांच्या घरी मारल्या गेलेल्या पाचांत तिथे काम करणारी एक वयस्क बाई होती. प्रकरणाच्या नावात ती कुठेच नाही. या पुस्तकातलं पुण्याचं प्रकरण मी तिच्यापासून सुरू केलं आहे, तिच्या त्या संध्याकाळच्या भाकऱ्यांपासून.

मराठी रहस्यकथेनं या भीतीचं काय केलं, हे थोडक्यात सांगते, कारण त्यात मला अपेक्षेपेक्षा कमी सापडलं. रोह्याच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं पानं सुटेस्तोवर वाचली जात. त्यांतले झुंजार आणि काळा पहाड ही आमच्या काकांची दैवतं. मग गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले, शिरवळकरांचा अमर विश्वास तर कॉलेजातल्या मुलामुलींचा मित्रच झाला. या लेखकांनी वाचायची गोडी लावली हे ऋण मोठं आहे. पण त्यांचा नायक बहुतेक वेळा बाहेरून यायचा, गाडीतून उतरायचा. मी वाचलेल्या पुस्तकांत घरातल्या माणसांच्या, त्यातही घरातल्या बाईच्या वाट्याला वाट पाहण्यापलीकडे फारसं काही नसे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडे घरात शिरणारं काहीतरी असतं खरं, पण ते बहुधा माणूस नसतं, आणि अमानवी गोष्टीला ‘कोण?’ विचारून उपयोग नसतो.

म्हणून घरातल्या बाईला नायिका करणाऱ्या कथा शोधताना मला बाहेर पाहावं लागलं. फ्रेडरिक नॉट यांचं ‘वेट अंटिल डार्क’ हे १९६६ चं नाटक, पुढच्याच वर्षी त्यावर ऑड्री हेपबर्नचा चित्रपट आला. आंधळ्या बाईच्या घरात गुंड शिरतात. तिला एवढंच कळतं की अंधार झाला तर आपण आणि ते बरोबरीत येऊ, म्हणून ती घरातले सगळे दिवे फोडते. एक दिवा मात्र ती विसरते, फ्रीजमधला. तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रोह्याचं घर आठवलं. जुलैत आमच्याकडे दिवे फोडायची गरजच नसते, ते आपले आपण जातात. त्या अंधारात कोणती फरशी हलते, कोणत्या पायरीवर माळ्याचा वासा डोक्याला लागतो, हे आजीला पायांनी ठाऊक होतं आणि येणाऱ्या कुणालाही ठाऊक नसतं. घर ज्याला पाठ आहे तो दुबळा नसतो.

ट्रुमन कपोटी यांचं ‘इन कोल्ड ब्लड’ त्याच १९६६ सालातलं. कॅन्ससमधल्या होलकोम्ब या खेड्यात १९५९ च्या नोव्हेंबरात एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. रात्री दाराला कुलूप घालायची तिथे पद्धत नव्हती. घरात मोठी तिजोरी आहे ही तुरुंगात ऐकलेली गोष्ट खरी मानून दोघे जण शेकडो मैल गाडी हाकत आले. तिजोरी नव्हतीच. दुसऱ्याच्या घराबद्दलच्या ऐकीव गप्पा किती घातक असतात, हे गावात वाढलेल्या कुणालाही कळेल. अमक्याच्या मुलानं आखातातून पैसे पाठवले, तमक्यानं जमीन विकली, हे पेणच्या नाक्यावर चहा संपायच्या आत सगळ्यांना ठाऊक होतं.

आता या दोन गावांबद्दल. इथली घरं शहरी थरारकथेला मुळातच बसत नाहीत. जुन्या घराला अंगण, पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, परसदार, विहीर. ओटी ही अर्धी गावाची. तिथे पोस्टमन टेकतो, भाजीवाली पाटी उतरवते, वाटसरू पाणी पितो. माजघर मात्र घरच्यांचं. म्हणजे आत येण्याला इथे पायऱ्या आहेत आणि येणारा प्रत्येक जण कुठल्या पायरीपर्यंत येऊ शकतो हे न बोलता ठरलेलं आहे. फ्लॅटला एकच दार असतं, ते उघडलं की माणूस एकदम तुमच्या जगण्याच्या मधोमध उभा. कोकणी घरातला थरार वेगळा: ओटीवर बसलेला पाहुणा माजघराच्या दाराकडे किती वेळा पाहतो, पाण्याचा तांब्या परत करायला तो उंबऱ्याच्या किती जवळ येतो. आणि चोराला दाराची गरजही नाही, तो चार कौलं बाजूला करून वरून उतरू शकतो. लहानपणी पावसात कौल सरकल्याचा आवाज आला की आम्ही दोघं भावंडं एका गोधडीत शिरायचो.

पेणला तर वर्षातले काही महिने दारं बंदच नसतात. पेण गणपतीचं गाव, शेजारच्या हमरापूर-जोहे भागातही घरटी तेच काम. श्रावण लागला की ओट्या, पडव्या, मांडव मूर्तींनी भरतात, रात्र रात्र दिवे जळतात, रंगकाम चालतं. आजोळी मी माजघरात झोपायचे आणि जाग आली की ओटीवर डोळे आखायचे राहिलेले पन्नास गणपती बसलेले दिसायचे. अशा वेळी घरफोडी कोण करणार, सगळं गाव जागं. पेणमधली थरारकथा लिहायची तर ती अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यातली हवी. मूर्ती गेलेल्या असतात, कारखाने रिकामे, साचे भिंतीला टेकलेले, हंगामाचा पैसा घरात आलेला आणि जागून जागून थकलेली माणसं गाढ झोपलेली. या पुस्तकातली एक कथा त्याच आठवड्यात घडते.

पेणकरांच्या ओठावर मात्र चोरी म्हटलं की वेगळीच गोष्ट येते. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार थांबले आणि हजारो घरांतली आयुष्यभराची पुंजी अडकली. कड्या शाबूत, कुलपं शाबूत, कौल एकही हललेलं नाही. त्या माणसांसमोर घरफोडीच्या गोष्टी सांगताना मला संकोच वाटला. त्या विषयाला वेगळं, जाणकार पुस्तक हवं, म्हणून मी तो इथे घेतलेला नाही.

रोह्याची गोष्ट धावीर महाराजांशिवाय होत नाही. ग्रामदैवत, गावाचा राखणदार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पालखी निघते आणि तिला पोलीस शस्त्रांसह मानवंदना देतात, ही प्रथा इंग्रजी अमदानीपासूनची. गावाचा एक रखवालदार दुसऱ्या रखवालदाराला सलामी देतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पालखी आपल्या वाटेनं येणार म्हणून लोक दारं उघडून, रांगोळ्या घालून उभे राहतात. रात्री गावाभोवती देव फिरतो असं आजी सांगायची आणि मी तिला विचारलं होतं, तो चोराला कसा ओळखतो? ती म्हणाली, “विचारतो ना तो, कोण म्हणून.”

आणि न विचारल्यावर काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण बाजाराच्या दिवशी मारले गेले. मुलं पळवणारी टोळी फिरते ही मोबाइलवरची अफवा तेवढी पुरेशी ठरली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि जमाव त्या खोलीत घुसला. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच चोरांच्या अफवेतून मारले गेले, टाळेबंदीच्या दिवसांत, पोलिसांच्या देखत. मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण घर राखतो आहोत असंच वाटलं असणार. थरारकथेत ही माणसं नायक म्हणून सुरू झाली असती.

खलनायकाचा चेहरा आपण कुठून आणतो हा प्रश्न इथे टाळता येत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, माणसं विमुक्त झाली, पण गावात चोरी झाली की पहिली झडती कुणाच्या पालावर जाते हे आपल्याला ठाऊक आहे. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली. ‘उचल्या’ वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की रात्री दार वाजण्याची भीती ही वाड्यातल्या माणसांइतकीच झोपडीतल्या माणसांना असते, फक्त तिथे दार वाजवणारा गणवेशात असतो. आमच्या रायगडात ही पाळी कातकऱ्यांवर येते. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर वर्षातले सहा-आठ महिने घराबाहेर काढणारी ही माणसं, त्यांच्या वाडीवरच्या घरांना धड दार नसतं. घरात घुसण्याच्या गोष्टीत त्यांना नेहमी बाहेर उभं केलं जातं. या पुस्तकातली एक कथा कातकरी वाडीवरच्या घरात, आतून सांगितली आहे. ती चांगली जमली आहे की नाही हे वाडीवरच्या वाचकांनी सांगावं.

नायकाबद्दल लिहायचं म्हणून मी पेण तालुक्यातल्या गागोद्याला गेले. विनोबा तिथे ११ सप्टेंबर १८९५ ला जन्मले. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात त्यांच्यापुढे २० दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली. ज्यांच्या नावानं गावंच्या गावं संध्याकाळी दारं लावून घेत, त्यांच्या मुलखात हा कृश म्हातारा पायी गेला आणि त्यांच्याशी बोलला. तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली, ज्यांची घरं लुटली, माणसं मारली, त्यांना काय, असं विचारलं गेलं, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. शरण आलेल्यांवर खटले चालले. मला भावतं ते हे, की दरोडेखोर दाराशी येण्याची वाट न पाहता हा माणूस त्यांच्या दाराशी गेला, ‘कोण?’ विचारायला. थरारकथेत असा नायक मला कुठेच भेटलेला नाही. तो लिहिणं अवघड आहे, कारण त्याच्या हातात काही नसतं. पुस्तकातली शेवटची कथा मी त्याच्या शोधात लिहिली.

त्या आषाढातल्या रात्रीचं सांगायचं राहिलं.

आजीच्या ‘कोण?’ला बाहेरून उत्तर आलं, पावसात नीट ऐकू आलं नाही. ती दाराजवळ गेली, पण आगळ काढली नाही. “कुठनं आलास?” नागोठण्याकडून. गाडी वाटेत अडली, रस्त्यावर पाणी आलं, चालत आलो. “कुणाचा तू?” त्यानं बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. आजीनं त्या गावातली एक विहीर विचारली, देवळाचं तोंड कुठल्या दिशेला ते विचारलं, तिथल्या एका म्हाताऱ्याची खुशाली विचारली. तो म्हातारा मागच्याच वर्षी वारल्याचं त्यानं सांगितलं. आई आजीचा पदर ओढत होती, “नका उघडू, आत्याबाई.” मी गोधडीतून पाहत होते. दहा मिनिटं तरी ती दाराआडून बोलत होती, आणि तिचा आवाज हळूहळू बदलत गेला.

मग तिनं माजघराचं दार आईला आतून लावून घ्यायला सांगितलं, स्वतः ओटीवर गेली आणि पुढची आगळ काढली. तिकडचा उजेड फटीतून दिसत होता. तिनं त्याला आजोबांचं कोरडं धोतर दिलं, घोंगडी दिली, चुलीवरचा गरम चहा फटीतून आईकडून मागून घेतला. रात्रभर ती माजघराच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, भिंतीला टेकून बसून होती. मी मध्ये जागी झाले तेव्हा बाहेर त्याचं घोरणं ऐकू येत होतं आणि आजीचे डोळे उघडे होते.

उजाडलं तेव्हा तो गेलेला होता. ओटीवर घोंगडीची नीट घडी होती, वर धोतर, शेजारी पालथा घातलेला पेला आणि वात खाली करून ठेवलेला कंदील. आजीनं आधी ओटीवरची भांडी मोजली. मग घोंगडी उचलली आणि चुलीच्या वरच्या दांडीवर वाळत टाकली.